प्रतिकारपेशींना जागे करणारी कॅप्सूल आणि ओठावर परतून येणारे फोड : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

माझ्या खालच्या ओठाच्या उजव्या कडेला, ओठाची लाली संपून त्वचा सुरू होते नेमक्या त्याच जागी, शाळेत असल्यापासून फोड येतात. आदल्या संध्याकाळी चुणचुण सुरू होते, ती जागा बोटाला किंचित टणक आणि गरम लागते, आणि सकाळी आरशात पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका दिसतो. पुढे ते फुटतात, ओली जखम उघडी पडते, तिच्यावर पिवळसर खपली धरते, जांभई देताना ती खपली तडकून रक्त येते, आणि आठ-दहा दिवसांनी तिथे काही झाले होते याची खूणही उरत नाही. लहानपणी मोठी माणसे याला ‘ताप ओठावर फुटला’ म्हणत आणि विषय संपवत. तापाचा त्यात वाटा असतो हे खरे आहे, पण फोड ताप आणत नाही. ताप फोडाला वाट करून देतो. फोडामागचे मूळ कारण म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ हा विषाणू. नागिणीचा विषाणू याच कुळातला असला तरी तो वेगळा आहे, आणि या दोन आजारांची गल्लत पुष्कळ वेळा होते म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी आठ महिन्यांत पाच वेळा हा प्रकार झाला आणि मी कंटाळले. त्या काळात एका परिचितांनी सुचवलेली कॅप्सूल मी मागवली. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असे लिहिले आहे की हे उत्पादन ‘शरीरातील प्रतिकारपेशींची क्रियाशीलता दुपटीहून अधिक वाढवते’, आणि सोबतच्या घडीपत्रकात ओठांवर वारंवार येणाऱ्या फोडांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. उत्पादनाचे नाव मी इथे देत नाही. याच घटकांची आणि याच दाव्याची उत्पादने बाजारात भरपूर आहेत, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका बाटलीपुरते नाही. दावा नेमका काय आहे, तो कशावर उभा आहे आणि ओठावरच्या त्या जागेशी त्याचा किती संबंध पोचतो, हे तपासणे हाच या परीक्षणाचा हेतू आहे.

आधी वस्तूविषयी. कॅप्सूल मोठी आहे, रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि उघडून पाहिली तर आत फिकट तपकिरी, यीस्टच्या वासाची पूड निघते. लेबलनुसार तिच्यात यीस्टच्या पेशीभित्तिकेतून काढलेले बीटा-ग्लुकान, अळंबीचा अर्क, जस्त, क जीवनसत्त्व आणि लायसिन हे अमिनो आम्ल आहे. रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या, ‘किमान सहा महिने’. बाटलीचे झाकण घट्ट बसते, पूड ओलसर होत नाही, मागणी वेळेवर पोचते. या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

मी आठ महिने एकही दिवस न चुकवता कॅप्सूल घेतली आणि एक वही ठेवली. चुणचुण कधी सुरू झाली, फोड आले की नाही, खपली कधी पडली, त्या आठवड्यात ताप, कडक ऊन, मासिक पाळी, दातांचे काम किंवा अपुरी झोप यांपैकी काय होते, हे सर्व मी नोंदवले. या आठ महिन्यांत तीन वेळा चुणचुण झाली, त्यांपैकी दोनदा फोड आले आणि एकदा चुणचुण तशीच विरून गेली. आधीच्या आठ महिन्यांत पाच वेळा आणि आता दोन वेळा, एवढाच हिशोब मांडला तर कॅप्सूल गुणकारी ठरते, आणि पाचव्या महिन्यात कोणी विचारले असते तर मी तसेच सांगितले असते. त्या महिन्यात मी दोन मैत्रिणींना ती घ्यायला सांगितलीही, आणि आज मला त्याची खंत वाटते.

खंत वाटण्याचे कारण वहीतच आहे. आधीच्या आठ महिन्यांत मला दोनदा ताप आला होता, दातांचे काम झाले होते आणि एका प्रवासात तीन दिवस मी सतत उन्हात होते. कॅप्सूलच्या आठ महिन्यांत यांपैकी काहीच घडले नाही. शिवाय माणूस असे उत्पादन हाती घेतो ते त्रास शिगेला पोचलेला असताना, आणि शिगेला पोचलेली गोष्ट काहीही न करता पुढे बहुधा खाली येते. या आजारात तर फोडांची संख्या एका वर्षातून दुसऱ्या वर्षात आपोआप बदलत राहते, प्रत्येक वेळचा फोड स्वतःहून बरा होतो, आणि काही वेळा चुणचुण होऊनही फोड उठत नाही. मग त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळते. एका व्यक्तीच्या आठ महिन्यांच्या अनुभवावरून असे उत्पादन चालते असेही ठरत नाही आणि चालत नाही असेही ठरत नाही. हे मी माझ्या स्वतःच्या अनुभवाविषयी म्हणते आहे. तीन आठवड्यांत चमत्कार झाल्याचे सांगणाऱ्या अभिप्रायांना तर ते अधिकच लागू पडते.

म्हणून अनुभव बाजूला ठेवून मी दाव्याकडे वळले. ‘क्रियाशीलता दुपटीहून अधिक’ म्हणजे कोणत्या पेशींची, आणि ती मोजली कशी? घडीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे की ही मोजणी नैसर्गिक मारक पेशींची, म्हणजे एनके पेशींची, प्रयोगशाळेत केलेली आहे. एनके पेशी १९७०च्या दशकाच्या मध्यावर ओळखल्या गेल्या आणि त्यांची मारकता मोजण्याची प्रस्थापित पद्धत अशी आहे : के-५६२ नावाच्या, रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णापासून वाढवलेल्या पेशींमध्ये क्रोमियम-५१ हे किरणोत्सारी द्रव्य भरतात, रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याबरोबर सुमारे चार तास ठेवतात, आणि मेलेल्या पेशींतून किती क्रोमियम बाहेर पडले त्यावरून किती पेशी मारल्या गेल्या हे काढतात. पद्धत उत्तम आहे आणि संशोधनात तिने मोठे काम केले आहे. पण त्या नळीत हर्पिसचा विषाणू नसतो, ओठाची त्वचा नसते, आणि विषाणू जिथे लपतो ती मज्जापेशीही (जिच्यातून मज्जातंतू निघतो ती पेशी) नसते. कर्करोगाच्या शंभर पेशींपैकी दहा मरत होत्या तिथे बावीस मेल्या, तरी लेबलवर ‘दुपटीहून अधिक’ हे शब्द खरेपणाने छापता येतात.

त्यात आणखी एक अडचण आहे. रक्तातल्या एनके पेशींची संख्या स्थिर नसते. जोरात जिने चढले तरी काही मिनिटांत ती वाढते आणि व्यायाम थांबल्यावर पुन्हा खाली येते; दिवसाच्या वेळेनुसार आणि मनावरच्या ताणानुसारही ती बदलते. त्यामुळे रक्ताच्या एका नमुन्यात क्रियाशीलता वाढलेली दिसली, तर ती कॅप्सूलने वाढली की रक्त द्यायला घाईघाईने चालत गेल्यामुळे, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा दुसरा गट लागतो, तो गट चिठ्ठी टाकून निवडावा लागतो, आणि कोण काय घेत आहे हे घेणाऱ्याला व देणाऱ्याला दोघांनाही माहीत नसावे लागते. मी उत्पादकांना दोनदा लिहून असा अभ्यास आहे का, असे विचारले. पहिल्या पत्राला समाधानी ग्राहकांच्या अभिप्रायांची फाइल आली, दुसऱ्याला उत्तर आले नाही.

एनके पेशींचा हर्पिसशी काही संबंधच नाही असे मात्र मला म्हणायचे नाही, आणि न्याय्य परीक्षणात ही बाजू यायला हवी. एनके पेशी जवळजवळ नसलेल्या एका किशोरवयीन मुलीची हकीकत १९८९ साली प्रसिद्ध झाली आणि तिला हर्पिस कुळातल्या विषाणूंचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा झाले होते. हा विषाणू पेशीत शिरला की आयसीपी-४७ नावाचे एक प्रथिन तयार करतो. आपल्या पेशी स्वतःच्या आत काय शिजते आहे त्याचे नमुने सतत पृष्ठभागावर मांडत असतात आणि टी-पेशी ते नमुने तपासून संसर्ग ओळखतात. आयसीपी-४७ ही मांडणीच अडवते, त्यामुळे टी-पेशींना आतला विषाणू दिसत नाही. अशा वेळी एनके पेशी उपयोगी पडतात, कारण ज्या पेशीने पृष्ठभागावरची ओळख काढून घेतली आहे तिच्यावरच त्या चाल करून जातात. उत्पादकाचा दावा ऐकायला पटतो तो या खऱ्या विज्ञानामुळे. परंतु ज्याच्याकडे एनके पेशी नाहीतच त्याचे काय होते यावरून, ज्याच्याकडे त्या पुरेशा आहेत त्याने त्या वाढवल्या तर फोड थांबतील असे सिद्ध होत नाही, आणि घडीपत्रकाने नेमकी हीच उडी मारली आहे.

फोड परतून का येतात हे समजून घेतले की या उडीतले अंतर दिसते. पहिल्या संसर्गानंतर विषाणू ओठाच्या त्वचेतल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूतून मागे प्रवास करत कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला आत असलेल्या ट्रायजेमिनल मज्जापेशींच्या पुंजक्यात पोचतो. तिथे त्याचा डीएनए मज्जापेशीच्या केंद्रकात पडून राहतो आणि जवळपास एकही प्रथिन तयार करत नाही. प्रथिन नाही म्हणजे प्रतिकारपेशींना ओळखण्यासारखे फारसे काही नाही, आणि म्हणूनच आजचे कोणतेही औषध किंवा कोणतीही कॅप्सूल त्याला तिथून हुसकावू शकत नाही. ताप, कडक ऊन, ओठाला इजा, मासिक पाळी, ताण अशा कारणांनी तो जागा झाला की त्याच तंतूतून परत खाली उतरतो. फोड दर वेळी त्याच जागी का येतो याचे उत्तर यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे या वयाच्या ६४ टक्के लोकांच्या, शरीरात हा विषाणू आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही. काहींनाच तो वारंवार का यावा, हा प्रश्न प्रतिकारशक्तीशी जोडलेला आहे यात शंका नाही. शरीरातल्या कोणत्या पेशी कुठे पहारा देतात, हे त्या प्रश्नाचे मर्म आहे.

आणि हा पहारा मुख्यतः टी-पेशींचा आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या ट्रायजेमिनल पुंजक्यांत, निद्रिस्त विषाणू असलेल्या मज्जापेशींभोवती सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी कडे करून बसलेल्या आढळल्या आहेत. उंदरांवरच्या २००८ सालच्या एका अभ्यासात तर असे दिसले की या पेशी ग्रॅन्झाइम-बी हे आपले मारक द्रव्य मज्जापेशीत सोडतात, पण तिला मारत नाहीत. विषाणूला जागे होण्यासाठी जे प्रथिन लागते तेच त्या द्रव्याने तुटते आणि मज्जापेशी जगते. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मज्जापेशी एकदा मेली की ती भरून निघत नाही, म्हणून इथे संयमाने काम करणारी पेशीच हवी असते. त्वचेतही असाच मुक्कामी पहारा असतो. प्रकार २ च्या, म्हणजे मुख्यतः जननेंद्रियांवर येणाऱ्या हर्पिसमध्ये, फोड बरा झाल्यानंतर त्या जागेचे नमुने घेतले तेव्हा मज्जातंतूंच्या टोकांजवळ सीडी-८ पेशी कित्येक आठवडे तळ ठोकून असलेल्या दिसल्या. या मुक्कामी पेशी रक्तात फिरत नाहीत. तेव्हा दंडातून काढलेल्या रक्ताची नळी ओठाच्या कडेवरच्या पहाऱ्याविषयी फारच थोडे सांगू शकते, आणि कॅप्सूलचा दावा त्या नळीवरच उभा आहे. बीटा-ग्लुकान पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या ग्राहीला चिकटते ती डेक्टिन-१ मुख्यतः महाभक्षी (जंतू गिळणाऱ्या) आणि इतर काही जन्मजात प्रतिकारपेशींवर असते आणि तिचे ठाऊक असलेले मोठे काम बुरशीविरुद्धचे आहे. तिथून ओठाच्या टी-पेशींपर्यंतचा दुवा घडीपत्रकात कुठेही दाखवलेला नाही.

‘जितकी क्रियाशीलता जास्त तितके चांगले’ हे गृहीतकही या आजारात टिकत नाही. फोडाची लाली, सूज आणि दुखणे यांत विषाणूइतकाच आपल्या प्रतिकारपेशींचाही हात असतो. अ‍ॅसायक्लोव्हिर ५ टक्के आणि हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का असे मिश्रण असलेले मलम याच विचारातून तयार झाले : एक घटक विषाणूला रोखतो, तर दुसरा, म्हणजे स्टेरॉइड, प्रतिकारपेशींचा जोर उतरवतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे मलम लावणाऱ्या ४२ टक्के लोकांची चुणचुण जखमेपर्यंत पोचली नाही. नुसते अ‍ॅसायक्लोव्हिर लावणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के आणि औषध नसलेले मलम लावणाऱ्यांत २६ टक्के होते. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. प्रतिकाराचा जोर थोडा उतरवल्याने, सोबत विषाणूरोधक असेल तर, फायदा होतो. आणि काहीही औषध न लावता चारपैकी एकाची चुणचुण आपोआप विरते. माझी वहीतली तिसरी चुणचुण त्यांतलीच असू शकते. डोळ्यात तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. या विषाणूच्या संसर्गात बुबुळाच्या पारदर्शक पटलाला आतून होणारी इजा मोठ्या प्रमाणात टी-पेशींच्या माऱ्यामुळे होते आणि त्यातून दृष्टी जाऊ शकते. ओठावर फोड असताना डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, आणि कोणतेही स्टेरॉइड थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत.

घटकांपैकी लायसिनविषयी थोडे लिहायला हवे, कारण पुष्कळ लोक या आजारासाठी केवळ तेच घेतात. विषाणूला वाढण्यासाठी आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागते आणि लायसिन त्याच्या वाटेत येते, ही कल्पना पेशींवरच्या प्रयोगांतून आली. माणसांवरच्या चाचण्यांत रोज १ ते ३ ग्रॅम लायसिन दिले गेले आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात फोड टाळण्यासाठी लायसिन उपयोगी असल्याचा पुरावा आढळला नाही. माझ्या बाटलीतल्या दोन कॅप्सूलमध्ये मिळून ३०० मिलिग्रॅम लायसिन आहे, म्हणजे ज्या मात्रेचाही उपयोग सिद्ध झाला नाही तिच्या एक तृतीयांशाहून कमी. जस्ताची मात्रा माफक आहे, पण इतर गोळ्यांतूनही जस्त जात असेल तर बेरीज करून पाहावी, कारण जास्त जस्त दीर्घकाळ घेतल्यास शरीरात तांब्याची कमतरता होते. क जीवनसत्त्वाबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

ज्यांनी प्रत्यारोपण करून घेतले आहे, ज्यांना स्वप्रतिकारक आजार आहे किंवा जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात, त्यांनी ‘प्रतिकारपेशी वाढवणारे’ कोणतेही उत्पादन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाटलीवर हा इशारा नाही, आणि माझ्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे. अशा लोकांचे फोड मोठे होतात, पसरतात आणि आठवडे टिकतात. त्यांना तातडीने विषाणूरोधक औषध लागते आणि कॅप्सूलच्या भरवशावर घालवलेला वेळ त्यांना महागात पडू शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड कोणाचाही असो, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

आता ज्याचा उपयोग होतो त्याविषयी, कारण नुसते नाकारणारे परीक्षण त्रासलेल्या माणसाच्या हातात काहीच देत नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध १९७० च्या दशकात गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधन-गटात आकाराला आले आणि एलियन यांना १९८८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची खुबी अशी की ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय राहते. विषाणूचे स्वतःचे एक विकर त्याला चालू करते आणि मग तेच विषाणूच्या डीएनएच्या साखळीची वाढ मध्येच थांबवते. मलमाच्या रूपात त्याचा लाभ बेताचा आहे. फोड साधारण अर्ध्या दिवसाने लवकर बरा होतो, आणि त्यासाठी दिवसातून पाच वेळा, चार दिवस लावावे लागते. पोटात घेण्याच्या गोळ्यांचा परिणाम जास्त असतो : व्हॅलासायक्लोव्हिरची २ ग्रॅमची मात्रा बारा तासांच्या अंतराने दोनदा, एकाच दिवसात घेतली, तर आजाराचा काळ सुमारे एका दिवसाने कमी होतो, पण ती चुणचुण जाणवताच घ्यावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्रा बदलते, म्हणून गोळ्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घेऊन हाताशी ठेवणे उत्तम. फोड फारच वारंवार येत असतील तर रोज थोड्या मात्रेत घेण्याचाही उपचार आहे आणि त्याने फोडांची संख्या बरीच कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले आहे. एका दिवसाचा फरक वाचायला किरकोळ वाटेल. ज्याने खपली घेऊन चार लोकांसमोर बोललेले आहे त्याला तो किरकोळ वाटणार नाही.

ओठांना लावायच्या सनस्क्रीनबद्दल मात्र मला उत्साहाने लिहावेसे वाटते, कारण प्रतिकारपेशींच्या क्रियाशीलतेचा विचार खरोखर करायचा तर तो इथे करायला हवा. अतिनील किरणांनी त्वचेतल्या लँगरहान्स पेशी, ज्या आक्रमकाची वर्दी पुढे देतात, कमी होतात आणि त्या जागेचा प्रतिकार काही दिवस मंदावतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उन्हाने फोड येणाऱ्या लोकांच्या ओठांवर मोजून अतिनील किरण सोडले. निष्क्रिय मलम लावलेले असताना ३८ पैकी २७ जणांना फोड आले आणि सनस्क्रीन लावलेले असताना ३५ पैकी एकालाही आले नाहीत. हा प्रयोगशाळेतला निकाल आहे, घाम, पाणी आणि जिभेने ओठ चाटण्याची सवय यांमुळे बाहेर इतका स्वच्छ फरक पडत नाही, आणि ज्यांचे फोड तापाने किंवा पाळीने येतात त्यांना त्याचा लाभ कमी होईल. तरीही माझ्या वहीतल्या जुन्या नोंदींत उन्हानंतरचे फोड इतके आहेत की सनस्क्रीनची कांडी मी आता घराबाहेर पडताना किल्लीइतक्याच सवयीने घेते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावते.

पाचपैकी गुण द्यायचे तर बांधणी आणि सेवा यांसाठी एक, घटकांची मात्रा लपवून न ठेवता छापल्याबद्दल एक, आणि दाव्यासाठी काहीच नाही. उत्पादकांनी पुढच्या छपाईत एनके पेशींची ती मोजणी नेमकी कशावर आणि किती लोकांच्या रक्तावर केली ते लिहावे, ओठांवरच्या फोडांचा उल्लेख तसा अभ्यास होईपर्यंत काढून टाकावा आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांसाठी इशारा पहिल्या पानावर आणावा, अशी मागणी मी त्यांना तिसऱ्या पत्रात केली आहे. त्या दोन मैत्रिणींनाही मी वहीतली पाने दाखवून हे सर्व सांगितले. एकीने कॅप्सूल थांबवली, दुसरी म्हणते की तिला थकवा कमी वाटतो म्हणून ती घेत राहील, आणि तिला दुसरा कोणताही आजार किंवा औषध नसल्याने मी तिला अडवले नाही.

मी स्वतः कॅप्सूल थांबवून आता तीन महिने झाले. या तीन महिन्यांत एकदा, दोन दिवसांच्या तापानंतर, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास त्याच उजव्या कडेला चुणचुण सुरू झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीची पहिली मात्रा मी पावणेआठला घेतली आणि दुसरी सकाळी. तीन बारीक फोड आले, ते फुटून सहाव्या दिवशी खपली पडली, आणि वहीत त्या नोंदीपुढे मी ‘ताप’ असे लिहिले आहे.